उंबरवाडी : प्रतिसाद नाही

निळ्या डब्यातल्या आईसपॅकवर साठलेलं पाणी. बोट लावलं की बोट बधिर.

पांढरी साडी, वर्षातून दोनदा नेसायची. पदराला लाल मातीचा डाग, दोनदा धुऊनही न गेलेला.

आत्याच्या गालावरचे देवीचे व्रण. लहानपणी चंद्रकला त्यांत करंगळीचं टोक बसवून बघायची. आत्या म्हणायची, "मोज गं, किती हायेत ते. मला कधी मोजता आलं न्हाईत."

हापूसची पेटी, दोन डझनांची. वर चिकटपट्टीने लावलेलं कार्ड : थँक यू, काकू!

सत्र रद्द होण्याचे कारण. एक, लस उपलब्ध नाही. दोन, कर्मचारी उपलब्ध नाही. तीन, लाभार्थींचा प्रतिसाद नाही. (एकाच चौकोनात खूण करावी.)

डोंगरावरून मारलेली हाक खालच्या वळणापर्यंत पोचते का? वारा उलटा असेल तर?

चंद्रकलाचा स्वतःचा पहिला डोस, आठ फेब्रुवारी. मग दोन दिवस ताप, अंग ठेचून काढल्यासारखं.

हे सगळं चंद्रकलाच्या डोक्यात एका सकाळी एकदम येऊन आदळलं, आणि त्याला निमित्त झालं ते लिफ्टचं. मे महिन्याची अठ्ठावीस तारीख, साल दोन हजार एकवीस. भूगावातली सात मजल्यांची इमारत, सहाव्या मजल्यावर तिचं दोन खोल्यांचं घर. सत्तेचाळीस वर्षांची चंद्रकला चोवीस वर्षं मुळशीतल्या खेडोपाडी सरकारी नर्स म्हणून हिंडत आली होती आणि आज अकरा वाजता पिरंगुटला, सहा उपकेंद्रांच्या गटाच्या ऑफिसात तिला मीटिंग होती. पुढच्या आठवड्याची लस कुठल्या गावांना जाणार, हे तिथे ठरायचं होतं. लिफ्ट चौथ्यावर थांबली आणि दिग्विजय आत शिरला, हातात पेटी घेऊन. चौथ्यावर तो आणि बायको जुईली राहायचे; हिंजवडीला कुठल्याशा कंपनीत होता, आता वर्षभर घरूनच काम. "काकू! तुमच्याकडेच येत होतो. ओळखलं नाहीत ना मला त्या दिवशी? कोळवणच्या शाळेत? तुम्हीच टोचलंत मला. तुम्ही त्या पांढऱ्या किटमध्ये होता, पण मी आवाजावरून ओळखलं. जुईलीला म्हटलं, अगं, या आपल्या सहाव्या मजल्यावरच्या काकू." चंद्रकलाने विचारलं, कधी. "सहा मेला. चार स्क्रीन लावून बसलो होतो, तेव्हा कुठे स्लॉट मिळाला. पुण्यात काय मिळतंय हो? आणि कोळवणला सगळं रिकामं! काय सुंदर आहे तिकडे. गर्दी नाही, गोंधळ नाही. लस घेतली, येताना एकांकडे पिठलं-भाकरी खाल्ली, जुईलीने फोटो काढले. पिकनिकच झाली म्हणा ना." लिफ्ट तळाला टेकली. दार उघडता उघडता तो मनापासून, अगदी चांगल्या मनाने म्हणाला, "नाहीतरी तिकडचे लोक घेतच नाहीत ना? वाया जाण्यापेक्षा आमच्यासारख्यांच्या कामी आली."

चंद्रकला म्हणाली, "अहो, कशाला एवढं." आणि पेटी घेतली.

घेतली, याचाच संताप तिला पिरंगुटपर्यंत पुरला. तो बोलला ते बोलला, त्याला काय माहीत. पण आपले हात कसे पुढे झाले? हात पुढे करायची इतकी सवय कधी लागली? स्कूटीवर पाय ठेवायच्या जागी पेटी बसवली होती, त्यामुळे दोन्ही पाय बाहेर लोंबकळत होते आणि प्रत्येक खड्ड्याला आंब्यांचा वास वर येत होता. भुकूम गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाट्या : डोंगरदृश्य बंगलो प्लॉट, तलावदृश्य बंगलो प्लॉट, शहरापासून फक्त चाळीस मिनिटे. फक्त! ज्याला चढण चढायची नसते त्याला चाळीस मिनिटं फक्त वाटतात. घेतच नाहीत ना. हे वाक्य चपलेत खडा शिरावा तसं तिच्यात शिरलं होतं, थांबून काढावं तर निघत नव्हतं. हे ह्याला कुणी सांगितलं? सोसायटीच्या ग्रुपवर आलं असणार. ग्रुपवर कुणी टाकलं? ज्याने पेपरात वाचलं त्याने. पेपरवाल्याला कुणी सांगितलं? कुठल्या तरी साहेबाने, व्हिडिओवरच्या मीटिंगमध्ये, आकड्यांकडे बोट दाखवून. आणि साहेबाला आकडे कुणी दिले? इथपर्यंत आली की तिला पुढे जायचं नसायचं. दर वेळी ती इथेच ब्रेक मारायची. कारण पुढे एक गुडघा होता, गुडघ्यावर एक फॉर्म होता, आणि निळ्या पेनची एक खूण होती. ते पेन अजून तिच्या पर्समध्ये होतं. शाई संपत नव्हती त्याची.

चौदा एप्रिल. उंबरवाडी कोळवण खोऱ्याच्या वर, डांबर संपल्यावर जीप एका वळणापर्यंत जाते आणि पुढे दहा मिनिटं पायी. एकतीस घरं. लसीकरणाचा उत्सव करा, असा वरून निरोप होता, म्हणून जयंतीच्या दिवशीही सत्र लावलेलं. चंद्रकला अॅप्रनखाली पांढरी साडी नेसूनच निघाली होती, कारण साडेअकराला मालेच्या विहारात वंदना होती, तिच्या माहेरी. निर्बंध होते. पाचच माणसांना परवानगी होती आणि पाचांत तिचं नाव तिच्या भावाने आग्रहाने घातलं होतं. समाजमंदिराच्या ओट्यावर नऊ माणसं बसलेली होती. किसनने गोळा केलेली. हा किसन एकसष्ट वर्षांचा, अंगाने आडवा, आवाजाने त्याहून आडवा. कुणी सांगितलं नसताना दोन दिवस घरोघर फिरला होता. लस घेतली की माणूस मरतो, अशी हूल उठलेली, तर हा दारात उभा राहून म्हणायचा, "मंग मी मेल्यावर तुमी घिऊ नका, पर आदी मला तर घिऊ द्या." त्याच्या भरवशावर आठजण आले होते, तो नववा.

"नऊच?" चंद्रकलाने विचारलं.

"नऊ कमी हायेत व्हय, बाई? ग्रामसभेला येवढी येत न्हाईत."

"दहा लागतात, किसनदादा. या बाटलीत दहा जणांचं असतं. एकदा उघडली की चार तासांत संपवायची. एक जरी वाया गेलं तरी मला वर उत्तर द्यावं लागतं."

"मंग मला दोन टोचा. माजं अंग दुप्पट हाय."

सगळे हसले. भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी म्हणाली, "न्हाईतर माज्या म्हशीला टोचा येक. तिचंबी वय झालंय." चंद्रकलाही हसली. हे तिला चांगलं आठवतं. मास्कच्या आत गरम श्वास कोंडला होता आणि ती हसली होती.

किसन उठला. "आमचा बहिरू गुरं घिऊन डोंगराला गेलाय. त्याला आनतो. तासाभरात येतो बगा. तवर तुमी च्या प्या."

घड्याळात साडेदहा. तासभर थांबायचं, मग टोचणं, मग अर्धा तास बसवून ठेवणं. साडेअकरा गेले. पाचांतली एक जागा रिकामी राहिली असती, भाऊ वर्षभर बोलला असता, आणि तिला तर, खरं सांगायचं तर, जायचंच होतं. चोवीस वर्षं प्रत्येक चौदा एप्रिलला कुठे ना कुठे ड्यूटी. या वर्षी पांढरी साडी नेसून त्या फोटोसमोर उभं राहायचं होतं. यात काय चूक आहे? कुणीही सांगावं, यात काय चूक आहे? "तास नाही थांबता येत, दादा," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात येते. तेव्हा दहा ठेवा."

"यिवू द्या की," किसन म्हणाला. "आमी कुटं जातोय?"

आवराआवर करून ओट्यावरून उतरताना पदर जोत्याच्या मातीला घासला. वळणावर जीपमध्ये बसून तिने गुडघ्यावर फॉर्म घेतला. कारणाचे तीन चौकोन. लस उपलब्ध होती, डब्यात, गार. कर्मचारी उपलब्ध होते, ती स्वतः. उरला तिसरा. नऊ आले होते आणि एक यायचा होता, याला चौकोन नव्हता. असा चौकोन कुणी करतच नाही. जो फॉर्म करतो त्याला ओटा माहीत नसतो, म्हैस माहीत नसते, डोंगरावरचा बहिरू माहीत नसतो. पण समासात जागा होती की. दोन बोटं जागा होती. समासात लिहायला कुणी मना केलं होतं? ड्रायव्हरने गाडी चालू केली, पेन हललं आणि खूण चौकोनाच्या जराशी बाहेर गेली. एवढंच. एक सेकंद लागला असेल. मग मालेच्या विहारात साडेअकराला पाच माणसं, मास्क लावून, अंतर ठेवून उभी राहिली, मेणबत्ती लावली, आणि चंद्रकलाला समाधान वाटलं. पोटातून वाटलं. सगळ्यात जास्त ते समाधान तिला सहन होत नाही.

पुढच्या आठवड्यात लसच आली नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात आली ती थोडी, आणि जिथे प्रतिसाद आहे तिथे द्या असं ठरलं. प्रतिसाद कोळवणच्या शाळेत होता, रस्त्यालगत, गाडी लावायला मैदान. मग मोबाइलवर नोंदणी सुरू झाली आणि शाळेच्या मैदानात पांढऱ्या, करड्या, लाल गाड्या लागायला लागल्या. पहिल्या दिवशी दोनशे टोचले त्यांत खोऱ्यातले एकोणीस होते. बाकी सगळे कोथरूड, बावधन, बाणेर. बायका गॉगल डोक्यावर सरकवून दंड पुढे करायच्या, मुलगे सेल्फी काढायचे, आणि शाळेच्या गेटाबाहेर गावातली माणसं उभी राहून बघायची, जत्रेतला पाळणा बघावा तशी. एकाने तिला विचारलंही होतं, "बाई, ह्ये समदं आमच्यात ऱ्हायला आल्यात का?" तिने टोचलं. दिवसाला दोनशे दंड. चेहरे बघायचे नाहीत, दंड बघायचे. त्यांत एक दिग्विजयचा असणार. त्याला लस नको होती द्यायला? हवी होती. त्याच्या छातीतही फुप्फुसंच आहेत. तिचा त्याच्यावर राग नव्हता. होता. होता, आणि तो नेमका कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं, म्हणून ती तो सगळीकडे ठेवत फिरत होती : पाट्यांवर, गाड्यांवर, आंब्यांवर.

किसनला तीन मेला ताप आला. अकरा मेला खाली आणताना जीपमध्येच गेला, त्याच वळणाच्या थोडं पुढे.

तेरा तारखेला ती वर गेली होती, घरातल्यांची तपासणी करायला. बहिरू, किसनचा धाकटा भाऊ, अंगणात उकिडवा बसला होता. पन्नाशीचा, काटकुळा, किसनच्या आवाजाचा एक थेंबही याच्यात नाही. त्याने तिच्याकडे न बघता, काडीने माती उकरत सांगितलं, "आमी आलो व्हतो त्या दिवशी. तुमी न्हाई म्हनला तरी दादा निगालाच. अर्दा तासबी लागला न्हाई. दादानं मला पळवतच आनला. वर कड्यावर आलो तर तुमची जीप खाली वळनावर दिसत व्हती, उबी. मी हाका मारल्या. दादा म्हनला, बाई काय तरी लिव्हत्यात, ऐकत्याल. मंग गाडी गेली." काडी मोडून म्हणाला, "तुमाला ऐकू आलं नसंल." चंद्रकला म्हणाली, "नाही आलं." आणि खरंच आलं नव्हतं. की आलं होतं? खूण करताना काहीतरी होतं कानाच्या कडेला, घारीसारखं, लांबचं. आता तिला ते रोज ऐकू येतं, लिफ्टमध्ये, स्कूटीवर, नळाखाली भांडी घासताना. पण आता ऐकू येतं म्हणून तेव्हा आलं होतं असं थोडंच ठरतं.

आणि आत्या. मालेच्या त्यांच्या वस्तीत, चंद्रकलाच्या जन्माआधी, देवीची लस टोचणारा आला होता. वडील ही गोष्ट दर वेळी वेगळी सांगायचे : कधी तो घोड्यावरून यायचा, कधी सायकलवरून, कधी पावसाळा असायचा, कधी कडक ऊन. एक भाग मात्र कधी बदलला नाही. तो चावडीवर बसला, गाव टोचलं, आणि वस्तीपर्यंत न येता वहीत लिहून गेला : वस्तीत कोणी हजर नाही. सगळी वस्ती हजर होती. बांधावर उभी होती, बोलावण्याची वाट बघत. वर्षभरात आत्याचा चेहरा गेला आणि तिच्या पाठचा एक भाऊ गेला. वडील म्हणायचे, "देवीनं न्हाई नेला त्याला. वहीनं नेला." चंद्रकला नर्स झाली ती या गोष्टीमुळे, असं ती मुलाखतीत, सत्कारात, कुणी विचारलं की सांगायची. मी वस्तीपर्यंत जाते, म्हणायची. गेलीच होती की. वस्तीपर्यंत गेली, ओट्यापर्यंत गेली, आणि मग तेच वाक्य लिहून आली. फक्त आता त्याला चौकोन होता, तिला लिहावंही लागलं नाही.

गटाचं ऑफिस म्हणजे एका बंद पडलेल्या पतसंस्थेचा हॉल. चंद्रकलाने पेटी टेबलावर ठेवली. गटाचे डॉक्टर अभय चौतीस-पस्तिशीचे, महिनाभरात सात किलो उतरलेले, डोळ्यांखाली काळं. वाईट माणूस नव्हता. ते तिला जास्त अवघड जात होतं. लॅपटॉपवर कौस्तुभ, आकडे भरणारा, कंत्राटी, कानात एकच इअरफोन. आणि शेजारच्या उपकेंद्राची साजिदा, चंद्रकलाची जुनी मैत्रीण, जी कुठल्याही मीटिंगमध्ये पहिल्या पाच मिनिटांत हसवायची.

"अरे वा, हापूस!" डॉक्टर म्हणाले. "कुणी आणले?"

"उंबरवाडीमुळे मिळाले," चंद्रकला म्हणाली.

"उंबरवाडीला हापूस होतो?" कौस्तुभने वर न बघता विचारलं.

"नाही होत."

साजिदाने तिच्याकडे नीट बघितलं. शिपायाने आंबे कापले. चंद्रकला सोडून सगळ्यांनी घेतले. कौस्तुभने स्क्रीन भिंतीकडे वळवली. सहा उपकेंद्रं, सहाशे डोस. एक वाजेपर्यंत यादी वर गेली पाहिजे. एप्रिलपासूनच्या सत्रांचा प्रतिसाद एका रकान्यात, त्यावरून रंग : हिरवा, पिवळा, लाल. हिरव्यांना आधी, पिवळ्यांना उरलं तर, लाल महिन्याभराने बघू. कोळवणची शाळा गडद हिरवी, शेवाळ्यासारखी. उंबरवाडीसमोर शून्य, लाल.

"माझ्याकडची पांगरवाडी पिवळी कशी?" साजिदा म्हणाली. "मी एकही बाटली परत आणलेली नाही. आठ आले तर दोन शोधायचे. मागे दहावा मिळेना तर रस्त्याने भंगारवाला चालला होता, त्याला धरला. म्हणाला, बाजी, पैसे पडतात का? म्हटलं, तुझ्या भंगारात घालते, बस आधी." सगळे हसले. डॉक्टर हसताना खोकले. भंगारवाला. इतकं सोपं होतं. खालच्या वळणावर कितीजण जातात, लाकडं घेऊन, दूध घेऊन. ड्रायव्हरच होता की, शेहेचाळीस वर्षांचा, लसीच्या वयात बसणारा. तिने त्याला विचारलंही नव्हतं.

"आपल्याला न्याय्य वाटप करायचंय," डॉक्टर सांगत होते. आंब्याचा ओघळ मनगटापर्यंत आला होता, तो त्यांनी रुमालाने पुसला. "भावनेवर नाही, आकड्यांवर. जिथे लोक घेत नाहीत तिथे पाठवून उपयोग नाही."

"जिथे माल खपतो तिथे माल," कौस्तुभ म्हणाला. "फॉर्म्युलाच तसा आहे मॅडम, मी काही केलेलं नाही."

"माल?" चंद्रकला म्हणाली.

"म्हणजे डोस."

"माल काय रे? अं? आंबे आहेत का ते?" आवाज चढला होता. चढू दे. "घेत नाहीत, घेत नाहीत, घेत नाहीत. सकाळपासून ऐकतेय. कुणी बघितलं घेत नाहीत ते? तू गेलायस उंबरवाडीला? डॉक्टर, तुम्ही गेलायत?"

"सिस्टर, नोंद तुमचीच आहे," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "चौदा एप्रिल. कारण तीन."

साजिदाने हातातली कोय ताटलीत ठेवली. चंद्रकलाला वाटलं, आता बोलले नाही तरी चालेल. कुणाला काही कळणार नाही. बहिरूने कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही, त्याला वाटतं आवाज पोचला नाही. अकरा वर्षं नोकरी उरलीय. लाल रकाना महिन्याभराने पिवळा होईलच कधीतरी. उरलेले आठजण ओट्यावर बसलेले तिला दिसत होते. म्हातारी, म्हशीवाली. अजून महिनाभर. आमी कुटं जातोय.

"ती नोंद खोटी आहे," ती म्हणाली. "नऊ माणसं हजर होती. मी बाटली उघडली नाही. दहावा तासाभरात येणार होता, मी थांबले नाही."

"का?"

"मला जयंतीला जायचं होतं."

कौस्तुभने इअरफोन काढला. डॉक्टरांनी डोळे चोळले. मग म्हणाले, "हे तोंडी चालणार नाही, सिस्टर. लेखी लागेल. आणि लेखी दिलंत तर तुमच्यावर येईल. खुलासा मागतील. त्यातला एक माणूस गेलाय, हे मलाही माहीत आहे. लस दिली असती तर वाचला असता, असं सिद्ध करता येत नाही. कशाला ओढवून घेता?"

"कागद द्या."

पर्समधून तेच निळं पेन निघालं. तिने नऊ नावं लिहिली, ओट्यावर बसले होते त्या क्रमाने, डावीकडून. रागाने अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं. नववं नाव किसन. डॉक्टरांनी वाचलं आणि म्हणाले, "याचं काढा. पुढच्या सत्राच्या यादीत मयत नाव नको, आकडा जुळणार नाही."

"ही पुढची यादी नाही. हजर होते त्यांची आहे. तो हजर होता."

"आठ केलंत तरी रकाना हिरवा होतो."

"मी एकदा माणसं कमी केलीत," चंद्रकला म्हणाली. "आता नाही करणार."

कौस्तुभने न विचारता शून्याच्या जागी नऊ भरले. रकाना आपोआप लालचा हिरवा झाला. इतक्या सहज झाला की तिला ओरडावंसं वाटलं. उंबरवाडीला वीस डोस आले, कोळवणच्या शाळेतून वजा होऊन. सत्र एक जूनला, समाजमंदिरात. साजिदा म्हणाली, "मी येते बरोबर. दहावा, विसावा, मी बघते." आणि टेबलाखाली तिचा हात धरला. चंद्रकलाने तो धरू दिला, पण राग गेला नव्हता. तो आता पाट्यांवर नव्हता, आंब्यांवर नव्हता. घरी आला होता.

"वरून पहिला प्रश्न काय येणार, सांगू?" डॉक्टर म्हणाले. आवाज मऊ झाला होता, ते तिला वाचवायला बघत होते. "दहावी व्यक्ती मिळवण्यासाठी काय प्रयत्न केले? ते आत्ताच लिहून टाका. वाडीतला माणूस पाठवला होता, असं लिहा. खोटं नाही ते. किसन गेलाच होता ना आणायला?"

"तो आपणहून गेला. मी पाठवला नव्हता."

"सिस्टर, एक ओळ आहे. एका ओळीने निभावेल."

तिने पेन टेकवलं. दहावी व्यक्ती मिळवण्यासाठी केलेले प्रयत्न. पुढे दोन बिंदू मारले. हॉलच्या खिडकीतून रस्ता दिसत होता, रस्त्यावरून दुधाच्या किटल्या लावलेली एक मोटारसायकल गेली, मागोमाग दोन बायका गवताचे भारे घेऊन. चंद्रकलाने लिहिलं : केले नाहीत. खाली सही केली, तारीख घातली, आणि कागद डॉक्टरांकडे सरकवला. बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

चौदा एप्रिलला सकाळी साडेदहा वाजता, उंबरवाडीच्या समाजमंदिरात, चंद्रकलाचा स्वतःचा दुसरा डोस, मुदत होऊनही, बाकी होता.